आमची वाटचाल : उद्यमबागेतल्या वाळूपासून

१९९४ साली बाबांनी बेळगावच्या उद्यमबागेत भाड्याच्या शेडमध्ये एक जुनं लेथ टाकलं. फाउंड्रीतून, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यातून, आलेल्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशिनिंग, एवढंच काम. तासभर टर्निंग करावं आणि शेवटच्या कटला आत ब्लो होल (अडकलेल्या वायूचं भोक) निघावा, हे आमचं कायमचं दुखणं. फाउंड्री कास्टिंग बदलून देई. आमची वीज, टूल आणि कारागिराचा वेळ मात्र गेला तो गेलाच.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकून धंद्यात आलो तेव्हा या भोकाच्या मागेच लागलो. साच्याच्या ग्रीन सँडमध्ये, म्हणजे ओलसर मिश्रणात, वाळू, बेंटोनाइट ही चिकट माती, कोळशाची पूड आणि साधारण तीन-चार टक्के पाणी असतं. पाणी जास्त झालं की ओतलेल्या लोखंडानं त्याची वाफ होते, ती कास्टिंगमध्ये अडकते. कमी झालं की साचा ढासळतो. मुलरवरचा, म्हणजे हे मिश्रण मळणाऱ्या यंत्रावरचा, माणूस वाळू मुठीत दाबतो, गोळा मोडून कड बघतो आणि पाण्याचा नळ सोडतो. तयार हाताचा अंदाज सहसा चुकत नाही. पण तो माणूस रजेवर गेला की काय करायचं? शिवाय दुसऱ्या पाळीत आधी वापरलेली वाळू गरमच परत येते आणि तिच्यातलं पाणी साच्यापर्यंत पोचेस्तोवर उडून जातं.

म्हणून मुलरमध्ये बसणारा, ओल मोजणारा सेन्सर करायला घेतला. पहिले चार सेन्सर वाया गेले. बेंटोनाइटचा थर बसला की आकडा हलायचाच नाही. पाचव्याला बाबा म्हणाले, "आता हप्त्याचे पैसे यात घालू नकोस." त्यांचं बरोबर होतं, सीएनसी मशीनचं कर्ज डोक्यावर होतं.

कर्नाटक सरकारच्या एलिव्हेट योजनेत निवडलेल्या स्टार्टअपला कंपनीतला हिस्सा न घेता ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. त्यासाठी सेन्सरची वेगळी कंपनी नोंदवली. पहिल्या खेपेला आम्ही नापास झालो, आणि तेच योग्य होतं. समितीनं विचारलं, "किती फाउंड्रीत लावून पाहिलंत?" एकाही नाही! मग आमच्याच दोन गिऱ्हाइकांच्या मुलरवर सहा महिने आकडे घेतले आणि पुढच्या वेळी रात्रीच्या बसनं ५०० किलोमीटरवरच्या बेंगळूरला ती वही घेऊनच गेलो. निवड झाली.

सरकारी पत्रं कन्नडमध्ये येतात. आमचे गोकाकचे फिटर मामा ती वाचून देतात, त्यांच्याशिवाय मुदती पाळता आल्या नसत्या.

त्या पैशानं आम्हाला चुकायला सवड दिली. सहावा, सातवा सेन्सर बिघडला तरी पगार थांबले नाहीत, आणि आठव्यानं गरम वाळूचा फरकही पकडला. बेंगळूरबाहेरच्या उद्योगांसाठी सरकारनं हुबळी-धारवाड-बेळगाव पट्टा धरला, त्याचा उपयोग आमच्यासारख्यांना खरोखर होतो. एक मागणी मात्र आग्रहानं करावीशी वाटते. उपकरण बनवणाऱ्याला मदत मिळते, तशी ते पहिल्यांदा लावून बघणाऱ्या लहान फाउंड्रीलाही मिळावी. त्या दोन गिऱ्हाइकांनी चालू काम थांबवून आम्हाला मुलर मोकळा करून दिला, त्याची भरपाई त्यांना कुणीच दिली नाही.

आता पडद्यावर मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत आकडे दिसतात. कोल्हापूरजवळच्या शिरोळी आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांकडूनही विचारणा येते. तुमच्याकडे पावसाळ्यात रिजेक्शन वाढत असेल, तर वाळूची एक पिशवी, तोंड घट्ट बांधून, घेऊन या. तुमच्यासमोरच मोजून दाखवतो.