मॅरेथॉनची लढाई ९६ पानांत बसवताना

मॅरेथॉनच्या लढाईवर ग्राफिक नॉव्हेल करायचं ठरवलं, तेव्हा पहिली अडचण आली ती मजकुराची. अथेन्सने पर्शियन सैन्याला हरवलं त्या इ.स.पू. ४९० च्या या लढाईसाठी मुख्य आधार ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा, आणि त्याच्या सहाव्या पुस्तकात प्रत्यक्ष लढाई १११ ते ११७ एवढ्या परिच्छेदांत संपते. त्यातही हातघाईचं वर्णन मोजक्या ओळींचं. म्हणजे सात परिच्छेदांवर पन्नासेक पानं उभी करायची. आजूबाजूचा मसाला मात्र भरपूर आहे: मदत मागायला स्पार्टाकडे धावत गेलेला फिलिपिडीस, दहा सेनापतींमधली फाटाफूट, वाळूत दात हरवून बसलेला, पर्शियनांबरोबर आलेला अथेन्सचा म्हातारा माजी हुकूमशहा हिप्पियास. तिथे रमलं की लढाईला पानं उरत नाहीत. आम्ही ९६ पानांची वाटणी आधीच करून टाकली: लढाईपूर्वी ३४, लढाई ४४, नंतरची १८. ९६ चा आकडा छपाईतून आला. सोळा पानांचा एक फॉर्म, असे सहा.

मजकुरासाठी रॉलिन्सन आणि मॅकॉले यांची एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी भाषांतरं वापरली. ती हक्कमुक्त आहेत. नवी भाषांतरं वाचावीत जरूर, पण त्यांतली वाक्यं संवादाच्या फुग्यात उतरवू नयेत.

मोठी चूक झाली ती पटकथा आधी लिहिण्यात. कागदावर वेगवान वाटणारे प्रसंग थंबनेलमध्ये, म्हणजे पानांच्या छोट्या कच्च्या रेखाटनांत, उतरवले, तर तिसाव्या पानापर्यंत समुद्र कुठल्या बाजूला आहे हेच कळेना. सगळ्यांच्या डोक्यावर शिरस्त्राणं, सगळ्यांच्या हातात भाले, सगळीकडे धूळ. वाचकाने कोणाकडे बघायचं? ती थंबनेल बाजूला ठेवून नकाशापासून सुरुवात केली.

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, ईशान्येला मोठी दलदल, असं हे मैदान. सैनिकांच्या फळ्या किनाऱ्याला समांतर होत्या की काटकोनात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. चित्रकाराला मात्र एक पक्ष घ्यावाच लागतो. आम्ही समांतर धरली: अथेन्सकरांची पाठ डोंगराकडे, तोंड समुद्राकडे. मग मोठ्या कागदावर मैदान काढून तुरीच्या डाळीचे शंभर दाणे मांडले. एक दाणा म्हणजे शंभर माणसं. अथेन्सचे नऊ हजार आणि प्लाटिया या मित्रनगराचे एक हजार हा आकडा नंतरच्या लेखकांचा आहे, हिरोडोटस देत नाही. पर्शियन पायदळाचाही आकडा तो देत नाही, ६०० जहाजं तेवढी सांगतो. म्हणून आम्ही पर्शियन सैन्याची संख्या निवेदनात कुठेच लिहिली नाही. किनाऱ्याला लागलेल्या जहाजांची रांग दाखवली.

डाळीने एक गोष्ट लगेच दाखवून दिली. शत्रूच्या फळीइतकी लांबी गाठण्यासाठी अथेन्सकरांनी मधली फळी विरळ केली होती. बगला आठ ओळी खोल आणि मधला तिसरा हिस्सा चार ओळी, असं आम्ही धरलं. हिशेबाने आघाडीवर साधारण १,६६० माणसं येतात. प्रत्येकाला नव्वद सेंटिमीटर धरले तर दीड किलोमीटर लांब फळी! एक माणूस एक मिलिमीटरचा काढला, तरी ३४ सेंटिमीटरच्या जोडपानावर तिचा पाचवा हिस्साच मावतो. म्हणजे ‘संपूर्ण सैन्याचं भव्य दृश्य’ विसरायचं. आम्ही फळी तीन ठिकाणी कापली: उजवीकडे सरसेनापती कॅलिमाकस, मध्ये विरळ ओळी, डावीकडे प्लाटियाचे लोक. प्रत्येक ठिकाणाला एक खूण दिली. उजवीकडे एकच वाकडं झाड, मध्ये उघडं मैदान, डावीकडे दलदलीचे वेत.

त्यानंतर दिशेचा नियम. मराठी डावीकडून उजवीकडे वाचतात, म्हणून अथेन्सकर कायम डावीकडून उजवीकडे जाणार आणि समुद्र कायम उजव्या हाताला. याचा अर्थ आपण मैदानाच्या नैर्ऋत्य टोकाला उभे राहून बघतो आहोत. कॅलिमाकस सगळ्यांत जवळ, प्लाटियाचे लोक लांब. या बाजूने सैनिकाचा भाल्याचा हात दिसतो आणि ढाल अंगापलीकडे जाते. सगळी गडबड इथेच होते. रचना बरी दिसावी म्हणून संगणकावर पॅनल, म्हणजे चित्राची चौकट, आरशासारखं उलटवलं, की ढाल उजव्या हातात! आमच्याकडे अशी अकरा पॅनल निघाली, शाई झाल्यावर. ही ढाल साधारण ९० सेंटिमीटर व्यासाची, सहा-सात किलोची. मधल्या पट्ट्यातून कोपरापर्यंत हात घालून काठाची मूठ धरायची. ती हातात झुलवता येत नाही. नटाने तलवारीबरोबर गोल ढाल फिरवावी तशी पोझ काढली, की ती खोटी पडते.

पोशाखाचं म्हणाल, तर उघड्या छातीचे वीर काढायचा मोह टाळला. कापडी किंवा काशाचं चिलखत, नडग्यांना काशाची कवचं, सात-आठ फुटी भाला. ढालीवरचं लॅम्डा हे ग्रीक अक्षर स्पार्टाचं आणि तेही नंतरच्या काळातलं. इथे ज्याच्या-त्याच्या ढालीवर आपापलं चिन्ह. ते आमच्या पथ्यावर पडलं, कारण कॉरिंथी शिरस्त्राणात चेहरा दिसत नाही. माणूस ओळखायचा तो चिन्हावरून. अथेन्सच्या दहा सेनापतींपैकी मिल्टियाडीस याचं नाव कोरलेलं शिरस्त्राण ऑलिंपियाच्या संग्रहालयात आहे. आकार त्यावरून घेतला. पर्शियनांच्या रंगीत बाह्यांसाठी सूसा या पर्शियन राजधानीतल्या झिलईदार विटांवरचे धनुर्धर उपयोगी पडले. त्यांच्या ढाली वेताच्या, म्हणून आवाजही वेगळा: काशावर ‘खण्ण’, वेतावर ‘कर्रच्च’. ध्वनिशब्दांत मराठी श्रीमंत आहे, इंग्रजी आवाज उसने घ्यायची गरज पडत नाही.

हिरोडोटस म्हणतो, अथेन्सकर आठ स्टेडियम, म्हणजे दीडेक किलोमीटर, धावत गेले. एवढं वजन घेऊन ओळ न मोडता धावणं अवघड आहे. आम्ही चाल दाखवली, मग झपाझप चाल, आणि शेवटच्या दोनशे मीटरला, बाणांच्या माऱ्यात शिरताना, धाव. सहा पानांत पॅनल क्रमाने अरुंद होत जातात. शेवटच्या पानावर नऊ उभ्या पट्ट्या आहेत, शब्द एकही नाही.

अथेन्सकरांची मधली फळी फुटते तिथे दिशेचा नियम उलटा कामाला येतो. पर्शियन आणि शक उजवीकडून डावीकडे घुसतात, वाचणाऱ्याचा डोळा अडखळतो, आणि काहीतरी बिनसलंय हे निवेदनाशिवाय कळतं. मग दोन्ही बगला आत वळतात. या वळणाला बारा पानं दिली. आधी पाचच होती, तेव्हा कोणालाच काही कळत नव्हतं. पुढची मांडणी अथेन्सच्या चित्रमंडपातून मिळाली. तिथलं या लढाईचं चित्र केव्हाच नष्ट झालं, पण पॉसेनियस या प्राचीन ग्रीक प्रवाशाने केलेलं वर्णन उरलं आहे: आधी बरोबरीची झुंज, मग दलदलीत एकमेकांना ढकलत पळणारे पर्शियन, टोकाला फिनिशियन जहाजं. तीन टप्पे, सलग. जहाजापाशी हात तुटलेला अथेन्सकर किनेगिरस एका मोठ्या पॅनलमध्ये. रक्त थोडंच, कुऱ्हाड मोठी.

लेटरिंगला, म्हणजे फुग्यांतल्या अक्षरांच्या मांडणीला, हातात दुप्पट वेळ ठेवा. देवनागरीत वरची वेलांटी आणि खालचा उकार यांनी ओळी एकमेकींत अडकतात. अक्षर ९ पॉइंट असेल तर ओळींचं अंतर १३ लागतं. काही चित्रप्रणाली जोडाक्षरं फोडतात, म्हणून फुगे तिथे काढून मजकूर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. फुग्यात वीस शब्दांची मर्यादा. ‘कॅलिमाकसच्या पाठोपाठ’ एवढ्यानेच ओळ भरते, तेव्हा नावं कमीत कमी वेळा. सैनिकाला ‘ढालाईत’ म्हटलं. ‘होप्लाइट’ हा त्यासाठीचा ग्रीक शब्द फक्त प्रस्तावनेत. युद्धघोष मात्र त्यांचाच ठेवला, ‘अलाला’. ‘हर हर महादेव’च्या चालीवर काही रचलं असतं तर वाचक थेट सह्याद्रीत पोचला असता.

विजयाची बातमी सांगून कोसळणारा धावपटू पुस्तकात नाही. हिरोडोटसकडे तो नाहीच, तो कित्येक शतकांनंतरच्या लेखकांत येतो. त्याऐवजी थकलेलं सैन्यच घाईने अथेन्सकडे परतताना दाखवलं, कारण पर्शियन जहाजं सूनियनच्या भूशिराला वळसा घालून निघाली होती. अथेन्सचे १९२ मेलेले, समोर पर्शियनांचे ६,४००; हे आकडे एकाच काळ्या पानावर.

रंगात सगळ्यांत जास्त दुरुस्त्या चंद्राच्या झाल्या. फिलिपिडीस स्पार्टात पोचला ती महिन्याची नववी तिथी, आपली शुद्ध नवमी. पौर्णिमेआधी निघणार नाही असं स्पार्टाने सांगितलं. म्हणजे त्या रात्री चंद्र डावीकडून थोडा अपुरा, आणि उत्तररात्री तो मावळलेला. दोन हजार स्पार्टन आले ते लढाई संपल्यावर. त्यांनी मेलेले पर्शियन पाहिले, अथेन्सकरांची तारीफ केली आणि परत फिरले. त्या परतीच्या पानावर रंगकाराने नवमीचाच चंद्र डकवला होता. तो वद्य पक्षातला हवा, उजव्या कडेने झिजलेला.