सोळा केबीचा सातबारा

"मॅडम, या रॉममधला 'डी' कुणीतरी खाल्लाय."

गुरुवारी सकाळी साडेनऊला टीममधला सगळ्यात नवा पोरगा टेबलापाशी येऊन हे म्हणाला, तेव्हा माझा पहिला चहाही व्हायचा होता आणि शुक्रवारी दुपारी बिल्ड, म्हणजे तयार सॉफ्टवेअरचा गठ्ठा, जायचा होता. एका विज्ञान केंद्रासाठी आम्ही ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकांचं दालन करत होतो. खरी यंत्रं काचेच्या पेटीत, आणि शेजारच्या स्क्रीनवर तीच यंत्रं एम्युलेटरमधून, मुलांना हाताळायला. या सगळ्यात माझं काम सर्वांत रटाळ: बिल्डमधली प्रत्येक फाइल कुणाची, कुठल्या लायसन्सखाली आली, ते तपासायचं. स्कॅनर हजारो फाइली चाळतो आणि जिथे लायसन्स सापडत नाही तिथे रकाना कोरा सोडतो. त्या दिवशी एकाच फोल्डरमधल्या पाच रकान्यांत काही नव्हतं. पाचही रॉम, म्हणजे यंत्रातल्या चिपमध्ये भरून ठेवलेले मूळ प्रोग्रॅम.

एम्युलेटर म्हणजे चिपची नक्कल. झेड-८० प्रोसेसर कसा वागतो ते बघून तसंच वागणारा प्रोग्रॅम कुणीही लिहावा, कुणाची ना नाही. पण यंत्र चालू झाल्याबरोबर ती चिप रॉममधून जे पहिलं वाचते ते कुणीतरी रात्री जागून लिहिलेलं असतं, आणि त्यावर कादंबरीसारखाच कॉपीराइट असतो. हा वाद जुना आहे. फ्रँकलिन नावाच्या कंपनीनं ॲपल-२ ची नक्कल काढली आणि रॉममधले प्रोग्रॅम जसेच्या तसे उचलले. त्या प्रतींत ॲपलच्या एका प्रोग्रॅमरचं नाव आणि 'ॲपलसॉफ्ट' हा शब्दसुद्धा तसाच सापडला. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टानं सांगून टाकलं की रॉममध्ये बसवला म्हणून प्रोग्रॅमचा कॉपीराइट जात नाही.

पोराचं म्हणणं सरळ होतं. "मॅडम, चाळीस वर्षं जुन्या फाइली आहेत. सगळीकडे मिळतात. ॲबंडनवेअर आहे हे, मालकानं सोडून दिलेलं."

आमच्या वकीलबाई तेवढ्यात आत आल्या होत्या. आयटीत येण्याआधी त्यांनी साताऱ्याला बारा वर्षं जमिनीचे दावे लढवलेत, आणि अजून त्यांना सॉफ्टवेअर म्हणजे शेताचा तुकडाच दिसतो.

"पडीक आहे म्हणून बेवारस आहे का रे?" त्या पोराला म्हणाल्या. "आधी सातबारा काढ."

मग आम्ही सातबारा काढायला बसलो. पहिला झेडएक्स स्पेक्ट्रम, कारण 'डी' त्याचाच गेला होता. पेटीतलं आमचं यंत्र भारतातल्या डेसिबेल्स कंपनीनं लायसन्स घेऊन विकलेलं 'डीबी स्पेक्ट्रम' होतं. मात्र मूळ रॉम इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीची, १९८२ ची, बरोबर १६,३८४ बाइट. सिंक्लेअरचा संगणकाचा धंदा एप्रिल १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडनं पन्नास लाख पौंडांना घेतला: पहिला फेरफार. २००७ मध्ये ॲमस्ट्रॅडच स्काय या टीव्हीवाल्यांनी घेतली: दुसरा फेरफार. म्हणजे मालक आहे, चांगला जिवंत आहे, फक्त त्याचा धंदा आता डिश अँटेनाचा आहे.

या जमिनीतून जायला वाट मात्र मिळालेली आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी विचारलं, तेव्हा ॲमस्ट्रॅडच्या एका माणसानं कंपनीतर्फे जाहीर उत्तर दिलं: खुशाल घाला आमच्या रॉम तुमच्या एम्युलेटरमध्ये, फक्त आतले कॉपीराइटचे संदेश बदलू नका. आणि सोबत अशी एक ओळ दिलीत तर बरं वाटेल, की ॲमस्ट्रॅडनं आपल्या मजकुराच्या वितरणाला मेहेरबानीनं परवानगी दिली आहे, पण कॉपीराइट स्वतःकडेच ठेवला आहे. बस, एवढंच. कंपन्यांची चाळीस-चाळीस पानी लायसन्स वाचून माझे डोळे गेलेत, म्हणून असेल, पण ते उत्तर वाचताना मला फार बरं वाटलं.

संदेश बदलायचा नाही ही एकच ठाम अट, आणि स्कॅनर दाखवत होता: '१९८२ सिंक्लेअर रिसर्च लि'. इंग्रजीतल्या 'एलटीडी'मधला शेवटचा 'डी' नाही. पोराच्या मते कुणीतरी रॉममध्ये हात घातलेला होता. तसं असेल तर अट मोडलेली, म्हणजे आपण वापरायची नाही, म्हणजे दालनातलं मुख्य यंत्रच बंद.

मी हेक्स डंप उघडला, म्हणजे फाइलचा एकेक बाइट सोळाच्या पायावरच्या आकड्यांत मांडलेली यादी (त्यात ए ते एफ हेही आकडेच). सुरुवात ओळखीची: एफ३, एएफ, मग ११ एफएफ एफएफ. संदेश सापडला. आधी ७एफ, मग १९८२, सिंक्लेअर, रिसर्च, 'एल', 'टी', आणि त्यापुढे ई४. मी दोन मिनिटं त्या ई४ कडे बघत बसले. ई४ मधून ८० वजा केले की ६४ उरतात, आणि ६४ म्हणजे 'डी'. त्या काळात एकेक बाइट दागिन्यासारखा जपत. वाक्य संपलं हे सांगायला वेगळा बाइट कोण खर्च करणार? शेवटच्या अक्षराचा सगळ्यात वरचा बिट चालू करायचा, रॉमला कळतं की इथे थांबायचं. आमच्या स्कॅनरला मात्र ई४ हे अक्षरच वाटेना. ७एफ चंही तेच: स्पेक्ट्रमच्या अक्षरमालेत ते © आहे, स्कॅनरच्या लेखी कचरा. कॉपीराइट शोधायला नेमलेल्या यंत्राला नेमकं कॉपीराइटचं चिन्हच दिसत नव्हतं.

पोराला मी फाइलचे अगदी शेवटचे आठ बाइटही दाखवले. ३सी ४२ ९९ ए१ ए१ ९९ ४२ ३सी. चौकटीच्या कागदावर आठ बिटांच्या आठ ओळी भरल्या की गोल आणि आत छोटा 'सी' उमटतो. सोळा केबीच्या रॉममधली सगळ्यात शेवटची गोष्ट © हे चित्र आहे. त्यानं स्वतः पेन्सिलीनं चौकटी भरून बघितल्या आणि मग ते वहीचं पान मॉनिटरला चिकटवलं. अजून तिथेच आहे.

'डी' सापडला तरी वकीलबाईंचं समाधान नव्हतं. "पत्रात मुदत किती लिहिलीय?"

"नाही लिहिली."

"प्रदेश?"

"तोही नाही."

"मग आपल्या कायद्यात बस. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि कलम ३०-अ तेच लायसन्सलाही लावतं. १९९९ मध्ये पाच मिळव."

२००४. म्हणजे कडक वाचलं तर ती वाट वीस वर्षांपूर्वीच बंद झालेली. माझा चेहरा बघून त्या हसल्या. मग स्वतःच दुसरी बाजू मांडली: पत्र इंग्लंडमधलं, इंग्लंडच्या मालकाचं, तिथल्या कायद्याखाली दिलेलं, त्याला आपलं कलम १९ लागेलच असं नाही. शिवाय इतकी वर्षं जगभर उघड वहिवाट चालू आहे. डेबियन ही मोफत लिनक्स प्रणाली बनवणाऱ्यांसारखे काटेकोर लोकसुद्धा या रॉम पॅकेज करून देतात, फक्त 'नॉन-फ्री' विभागात ठेवतात, कारण जाऊ दिलं म्हणजे जमीन नावावर केली असं होत नाही. "हा पुरावा नव्हे," त्या म्हणाल्या, "पण धीर आहे. जोखीम म्हणून नोंद कर, ती मेहेरबानीची ओळ स्क्रीनवर ठसठशीत टाक, आणि पुढे चल."

पोरानं मध्येच विचारलं की मी घरी खेळतो तेव्हा काय? कायद्यात त्यालाही जागा आहे. रीतसर मिळालेल्या प्रतीवरून स्वतःच्या, बिनधंद्याच्या वापरासाठी प्रत काढता येते. "तुझी रीतसर मिळालेली होती का?" या प्रश्नावर तो चहा आणायला गेला.

मधले तीन लवकर उरकले. अटारी एसटीसाठी एमुटॉस नावाचं बदली सॉफ्टवेअर आहे, डिजिटल रिसर्चच्या खुल्या झालेल्या कोडवर उभं केलेलं, मोफत, जीपीएल या खुल्या लायसन्सखाली. अमिगाची किकस्टार्ट रॉम क्लोअँटो कंपनी रीतसर विकते, विकत घ्यायची ठरली. एरॉस नावाची खुली बदली रॉम आम्ही आधी लावून पाहिली, पण आमचा खेळ तिच्यावर अडखळला. ॲपल-२ साठी दाखवता येईल असा एकही कागद मिळेना, तो स्क्रीनवरून काढला. काचेतलं यंत्र राहिलं.

पाचवं यंत्र आपलं होतं. महाराष्ट्रातल्या एका छोट्या कंपनीनं शाळांसाठी काढलेलं. ती कंपनी नव्वदीनंतर कधीतरी बंद पडली. विज्ञान केंद्राला ते एका निवृत्त शिक्षकानं दिलं होतं, आत एकच ईपीरॉम, म्हणजे पुसून पुन्हा भरता येणारी रॉम चिप, आठ केबीची, काचेच्या खिडकीवर पिवळी पडलेली पट्टी आणि तिच्यावर बॉलपेननं '२.१'. सकाळी मी तिचाही डंप नीट वाचून काढला होता. आत '(सी) १९८७' एवढंच. कुणाचं, ते नाही. सातबाऱ्यावर मालकाचा रकानाच रिकामा.

शिक्षकांना फोन केला, त्यांनी नंबर दिला, आणि दुपारी दीडला मी नाशिकच्या एका काकांशी बोलत होते. ती रॉम त्यांनी एकट्यानं लिहिली होती. मी स्पीकर लावला.

"कुठली आवृत्ती म्हणालीस?"

"दोन पॉइंट एक, काका."

"अरे देवा. तिच्यात कॅसेट वाचायचा घोळ होता. दोन पॉइंट दोन घे. आहे माझ्याकडे, देवघरावरच्या फडताळात."

मी विचारलं, कॉपीराइटच्या ओळीत कंपनीचं नाव का नाही? ते खो खो हसले. "बाइट उरले नव्हते गं. साहेबांचं नाव ठेवू की कॅसेट, एवढंच होतं. मी कॅसेट ठेवली. तीही धड नाही चालली."

मग मी परवानगीचं काढलं. "परवानगी कसली मागतेस पोरी, घेऊन टाक! कुणीतरी चालू करतंय हेच खूप झालं."

वकीलबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि फोनजवळ सरकल्या. "नमस्कार काका. तुम्ही तेव्हा कंपनीत पगारावर होता का?"

"पगार कसला, अकराशे रुपये."

"पण पगार होता."

"होता."

कलम १७. नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. काकांनी लिहिलेली रॉम काकांना देता येत नव्हती. आणि कंपनी? काकांच्या सांगण्याप्रमाणे ती गुंडाळली, यंत्रसामग्री भंगारात गेली, कोड कुणी विकत घेतला नाही. बाईंनी संविधानाचं कलम २९६ काढलं: ज्या मालमत्तेला कुणी धनी उरत नाही ती सरकारजमा. विसर्जित झालेल्या कंपनीचं उरलंसुरलंही त्यातच जातं. त्या हिशेबानं बहुधा ही आठ केबी रॉम आज सरकारची आहे, आणि मंत्रालयात कुठल्या टेबलावर तिचा अर्ज करायचा हे विचारायलाही कुणी नाही.

पलीकडे जरा शांतता होती. कुकरची शिट्टी ऐकू आली.

"म्हणजे मी लिहिली ती माझी नाही," काका सावकाश म्हणाले, "आणि आता ज्याची आहे त्याला ठाऊकच नाही."

"असंच म्हणायला लागेल."

खरं सांगते, इतक्या वर्षांत हे काम इतकं नकोसं कधी वाटलं नव्हतं. ॲमस्ट्रॅडच्या नोकरानं चार ओळींत जगाला वाट करून दिली, कारण त्याच्या पाठीमागे मालक उभा होता. इथे लिहिणारा माणूस फोनवर होता, हौसेनं देत होता, आणि आम्ही घेऊ शकत नव्हतो.

काका मात्र थांबणारे नव्हते. "मग नवी लिहून देतो! आठ केबी तर आहे. दोन महिने. ती तर माझी असेल ना?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले. १९८२ मध्ये कॉम्पॅकनं आयबीएमच्या पीसीचा बायोस, म्हणजे त्याच्या रॉममधला प्रोग्रॅम, नव्यानं लिहिला तेव्हा, आणि पुढे फिनिक्स कंपनीनंही, पद्धत हीच होती: मूळ कोड ज्यानं पाहिलाय त्यानं नवा लिहायचा नाही. तो फक्त सांगणार, यंत्र काय करतं ते. लिहिणारा कोराच हवा. इथे तर काकांनी मूळ कोड नुसता पाहिला नव्हता, लिहिलाच होता. त्यांनी परत लिहिला तर हात आपोआप त्याच वाटेनं जाणार. मी त्यांना हे समजावून सांगितलं.

"बरं," काका म्हणाले. "म्हणजे मी सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. तू लिही."

मला नाही जमणार, मी सकाळीच तुमचा डंप वाचलाय, मी म्हटलं.

"मग न वाचलेला कुणी आहे का तुमच्याकडे?"

पोरगा चहाचे तीन कप घेऊन दारातच उभा होता. त्यानं ती फाइल नुसती फोल्डरमध्ये टाकली होती, उघडून कधी पाहिली नव्हती. बाईंनी त्याला दोनदा विचारून खात्री केली. शुक्रवारच्या बिल्डमध्ये त्या यंत्राचा स्क्रीन बंदच जाणार होता, त्यावर 'लवकरच' असं लिहून. मी माझ्या स्क्रीनवरचा डंप बंद केला, पोराला खुर्ची दिली, फोन त्याच्यापुढे सरकवला आणि खोलीबाहेर आले.

दाराच्या फटीतून काकांचा आवाज येत होता. "कागद घेतलास? हं. बटण दाबल्यावर आधी पडदा पुसायचा. मग एक 'टिंग'. बारीक. साहेबांना मोठी हवी होती, तू बारीकच ठेव."