दाजींच्या पासबुकातले 436 रुपये

दाजी इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते. पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबाने मजुरी, पीएफ नाही, ईएसआय नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये रात्रपाळी करून आले, छातीत कळ येतेय म्हणाले आणि दुपारपर्यंत सगळं संपलं.

दिवसकार्य झाल्यावर पासबुक भरून आणलं. मेअखेरीस दोन रकमा कापलेल्या, 436 आणि 20. कशाच्या, ते आक्काला ठाऊक नव्हतं. खातं उघडताना बँकेत सह्या घेतल्या होत्या, एवढंच तिला आठवत होतं.

खिडकीवरच्या माणसाने 20 ची नोंद बघून अपघाताचा फॉर्म दिला. एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम आणा म्हणाला. झटक्याने गेलेल्या माणसाचा पंचनामा आणायचा कुठून? त्यात आठ दिवस गेले. मग मीच माहिती काढली. 20 रुपयांची सुरक्षा विमा योजना फक्त अपघातासाठी. 436 ची जीवनज्योती कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी 2 लाख देते. नव्याने घेतली असेल तर पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, पण दाजींची जुनी होती. दुसऱ्या खेपेला 436 वर बोट ठेवूनच उभा राहिलो.

फॉर्म, मृत्यूचा दाखला, आक्काचं आधार, पासबुकाची झेरॉक्स. वाटलं, झालं. तर वारस म्हणून नाव ‘वैशाली’, आधारवर ‘मंगल’! लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव दाजींनी हौसेने फॉर्मवर घातलेलं. आता बँकेला तांदळातलं नाव कसं पटायचं? लग्नाची नोंदणी केलेली नव्हती. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र केलं, तेव्हा कुठे कागद पुढे सरकले. आक्काची मजुरी तीन दिवस बुडाली, ती वेगळीच.

महिन्याभराने पैसे खात्यावर आले. दोन लाख म्हणजे दाजींची वर्ष-सव्वा वर्षाची कमाई. फार नाही. पण दवाखान्याचे हातउसने फिटले आणि पोराचं आयटीआय सुटलं नाही.

नंतर दाजींच्या पाळीतले चौघे पासबुकं घेऊन घरी आले. एकाच्या दोन खात्यांतून 436 कापले जात होते. दोन हप्ते भरले तरी मिळणार दोनच लाख, म्हणून एक बंद करायला सांगितलं. दुसऱ्याची नोंद पानं उलटून शोधली, सापडेना. मेअखेरची शिल्लक बघितली: 212 रुपये.