लॅम्प रूम ते अभ्यासिका : दरजा, दुतोंडी रूळ आणि मेगाब्लॉक

आमच्या जुन्या लॅम्प रूमच्या पश्चिमेच्या भिंतीतलं सिमेंट एकदाचं संपूर्ण निघालं. आता तिथे दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याने भरायचं काम सुरू आहे, आणि पाऊस लागायच्या आत ती एक भिंत पुरी करायचीच असं आम्ही ठरवलं आहे. बाकीचं मागे पडलं तरी चालेल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. परळ आणि कुर्ल्याच्या मधल्या एका रेल्वे वसाहतीलगत काळ्या दगडाची, मंगलोरी कौलांची ही बैठी इमारत आहे. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळातली लॅम्प रूम. सिग्नलच्या खांबांवर रोज संध्याकाळी चढवायचे दिवे इथे पुसले जायचे, वाती कातरल्या जायच्या, तेल भरलं जायचं. आगीची भीती म्हणून ती मुख्य इमारतीपासून अलग बांधलेली. १९२८ साली बोरीबंदर ते भायखळा या टप्प्यात देशातले पहिले स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल आले आणि हळूहळू अशा खोल्यांचं कामच उरलं नाही. पुढे हिचं गोदाम झालं, मग भंगाराची खोली. आता रेल्वेच्या रीतसर परवानगीने आणि त्यांच्या देखरेखीखाली वसाहतीतल्या मुलांसाठी इथे अभ्यासिका व्हायची आहे. जागेचं नेमकं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुनी कौलं आणि बिडाचं सामान किती झटकन नाहीसं होतं, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

आता दरजांबद्दल. यावर मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण मुंबईतल्या कितीतरी जुन्या दगडी इमारतींचं दुखणं नेमकं इथेच आहे.

आपला काळा दगड पाणी जवळजवळ पीतच नाही. म्हणजे भिंतीत जी ओल येते, मग ती जमिनीतून चढलेली असो की कौलातून झिरपलेली, तिला बाहेर पडायला दगडांमधल्या दरजांशिवाय वाट नाही. जुन्या बांधकामात तिथे चुना असतो. चुना ओल घेतो आणि ऊन पडलं की सोडून देतो. कधीतरी कोणीतरी चांगल्या हेतूने या दरजांवर सिमेंट थापलं. बाहेरून भिंत मजबूत दिसू लागली, पण ओल आत कोंडली आणि खोलीच्या बाजूने निघू लागली. आतल्या गिलाव्याला लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर, धरलेला, पोपडे सुटलेले, आणि छतापर्यंत चढलेले पिवळे डाग हा सगळा त्याचाच परिणाम. त्यात बाहेरचा रस्ता डांबराचे थर चढून चढून उंच झाला आणि जोतं अर्धं जमिनीत गेलं. म्हणून आधी भिंतीच्या कडेने माती उकरून जोतं मोकळं केलं, चर काढला, आणि मगच छिन्नी हातात घेतली. सिमेंट काढायला मशीन वापरू दिलं नाही. मशीनचा धक्का लागला की दगडाची कड उडते आणि ती परत येत नाही.

आमचे गवंडीमामा वाईकडचे आहेत, देवळांची आणि घाटांची कामं केलेले. कळीचा चुना त्यांनी पिंपात विझवून मुरत ठेवला होता. वर कायम पाणी, म्हणजे हवा लागत नाही. मिश्रण बऱ्याच नमुन्यांनंतर पक्कं झालं : एक भाग चुना, एक भाग सुरखी, एक भाग वाळू, आणि मळताना गुळाचं पाणी. सुरखी म्हणजे विटांचा भुगा हे खरं, पण कुठल्याही विटेचा चालत नाही. जास्त भाजून काळपट झालेल्या विटांचा भुगा चुन्याशी नीट धरत नाही. मध्यम आचेवरच्या विटा मिळवायला आम्हाला बरीच पायपीट करावी लागली. पश्चिमेच्या भिंतीला सुरखी हवीच, कारण तिच्यामुळे चुना ओलसर हवेतही घट्ट होतो आणि पावसाचा मारा त्याच भिंतीवर असतो.

वाळूची गोष्ट वेगळी. आपल्याकडे खाडीची वाळू नदीची म्हणून सर्रास विकली जाते, आणि तिच्यातलं मीठ भिंतीत गेलं की पुन्हा लोणा. त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक गोणीतली मूठभर वाळू आम्ही शुद्ध पाण्यात ढवळतो, वरचं पाणी गाळून घेतो आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकतो. पाणी दुधाळ झालं की गोणी परत. हे काम वसाहतीतल्या बारावीच्या मुलींनी अंगावर घेतलं आहे आणि त्या पुरवठादाराचं काही ऐकून घेत नाहीत.

चुना तयार झाला की नाही हे मामा थापीवर बघतात. गोळा घेतला, थापी उलटी केली, आणि वाट पाहिली. “ताई, ह्यो चिकटून ऱ्हायला पायजे. पडला तर पानी जास्त झालं, उद्याच्याला केसागत चिरा पडत्याल.” मग तो दरजेत दाबून भरायचा, दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत. दगडावर पसरवून रुंद पट्ट्या काढायच्या नाहीत. मे महिन्याच्या उन्हात दरज सुकली की मेलीच, म्हणून ओलं गोणपाट लावून ठेवतो आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी मारतो. हातांना खोबरेल आणि डोळ्यांना चष्मा. चुन्याचा थेंब डोळ्यात जाणं ही साधी गोष्ट नाही, त्यामुळे चष्मा नसलेल्या माणसाला आम्ही काम देत नाही, मग तो कितीही हौसेने आलेला असो.

हिवाळ्यात भरलेल्या नमुन्याच्या दरजेतून एक छोटा तुकडा काढून त्यावर फिनॉलफ्थॅलीन शिंपडलं. आतला भाग एकदम गुलाबी झाला आणि बाहेरची कड जशीच्या तशी पांढरी राहिली. तेवढीच कड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगडाच्या जातीची झाली आहे, बाकी चुना अजून कच्चा आहे. सगळ्यांनी तो तुकडा हातात घेऊन पाहिला. “इतके महिने झाले, अजून किती थांबायचं?” हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारला नाही.

आता रूळवेड्यांसाठी. दारावरच्या तुळईवरचा रंग खरवडला तेव्हा ती तुळई नसून रूळ निघाला, आणि तोही दुतोंडी! वर आणि खाली सारखाच माथा असलेला. जुन्या रेल्वे इमारतींत बाद झालेले रूळ तुळया म्हणून टाकायची पद्धत होतीच, पण हा प्रकार माझ्या हाताला पहिल्यांदाच लागला. मूळ कल्पना अशी होती की एक बाजू झिजली की रूळ उलटा करायचा आणि दुसरी वापरायची. प्रत्यक्षात तो ज्या बिडाच्या चेअरमध्ये, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या बैठकीत, बसायचा, तिथे खालच्या माथ्यावर खाचा पडायच्या आणि उलटवलेल्या रुळावरून गाडी दणके खात जायची. म्हणून हे रूळ मागे पडले. आमच्या रुळाच्या खालच्या अंगाला बोट फिरवलं तर ठरावीक अंतरावर ते खळगे स्पष्ट लागतात. आम्ही तो नुसता तारेच्या ब्रशने साफ करून गंजरोधक लावून उघडा ठेवणार आहोत. खोटं छत, प्लायवूड, काही नाही. आत येणाऱ्या मुलाने मान वर केली की तो दिसला पाहिजे.

छपराचं काम मात्र मेगाब्लॉकच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याच्या वेळेच्या, मेहेरबानीवर चालतं. रुळांकडची पाखी, म्हणजे छपराची उतरती बाजू, ओव्हरहेड वायरला जवळ आहे, आणि त्या वायरीत २५,००० व्होल्ट असतात. त्यामुळे पॉवर ब्लॉक, म्हणजे वायरीतली वीज बंद ठेवायची वेळ, मिळून, वायर अर्थ करून, रेल्वेच्या माणसाने लेखी सांगितल्याशिवाय त्या बाजूला परांचीवर पाय ठेवायचा नाही. लोक रविवारी मेगाब्लॉकचं नाव काढलं की कपाळाला हात लावतात, आम्ही शनिवारी रात्री वेळापत्रक उघडून आपली मार्गिका त्यात आहे का ते शोधतो. छपराला आधार देणाऱ्या सागवानी कैच्या उत्तम निघाल्या. फक्त पन्हळीखालची दोन टोकं कुजली होती, तिथे तेवढाच भाग कापून जुन्याच सागाचा जोड दिला. पिंपळाची मुळं अजून आढ्याखालच्या भिंतीत आहेत. ती ओढून काढली तर दगडच निखळतील, म्हणून कापून, औषध घालून, सुकू द्यायची आहेत.

आतल्या गिलाव्यावरून मात्र आमच्यात बरीच वादावादी झाली. दिवे पुसायच्या ओट्यावरची भिंत कंबरेएवढ्या उंचीपर्यंत तेलाने माखलेली आहे. तिथे चुन्याचा हात बसत नाही, तेल वर येतं. काहींचं म्हणणं होतं, त्यावर ऑइलपेंट मारून मोकळे व्हा. माझा त्याला ठाम विरोध होता आणि आहे. बाहेरून भिंतीला श्वास द्यायचा आणि आतून तोंड बंद करायचं, हे मला पटणं शक्य नाही. शेवटी तेलकट गिलावा काढायचा ठरला. ओट्यावरचा एक कोनाडा तेवढा काजळीसकट जसाच्या तसा राहणार. दिवे कुठे ठेवायचे, ते त्या काळ्या वर्तुळांवरून कळतं. सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक काका त्या कोनाड्यापुढे बराच वेळ उभे होते. त्यांच्या वडिलांनी असे दिवे खांबावर चढवले होते.

भायखळा स्थानकाचं काम ज्यांनी पाहिलंय, त्यांना धीर म्हणजे काय ते सांगायला नको. १८५० च्या दशकातली ती इमारत रोजची गर्दी चालू असताना सावकाश मूळ रूपात आणली गेली आणि २०२२ साली तिला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. आमची खोली तिच्या पासंगालाही पुरणार नाही, पण तिथे जाऊन दगडावरचा रंग कसा उतरवलाय ते जवळून पाहिल्याचा आम्हाला फार उपयोग झाला.

जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि वसाहतीतले पालक विचारताहेत, अभ्यासिका कधी. प्रश्न रास्त आहे. एका खोलीत पाच-सहा माणसं, टीव्ही चालू, आणि पोर जिन्यात बसून भरतीची तयारी करतंय, हे आम्ही रोज बघतो. म्हणून असं ठरलंय की पूर्वेकडची अर्धी खोली, जिथला गिलावा सुकला आहे, ती जूनमध्ये टेबलं आणि दिवे लावून संध्याकाळी उघडायची. शहाबादी फरशी धुऊन झाली आहे. पुस्तकांची कपाटं मात्र दिवाळीनंतरच. पावसाळ्यात ओल्या भिंतीलगत पुस्तकं ठेवली तर बुरशी धरणारच. पश्चिमेची अर्धी बाजू पावसाळाभर रिकामी राहील, आणि आम्ही दर आठवड्याला तिथली ओल मीटरने मोजून लिहून ठेवू.

आता मागणं. जुन्या ठशाची मंगलोरी कौलं कोणाकडे, कोणाच्या गावच्या घरी उतरवून ठेवलेली असतील तर कळवा. पाठीमागचा कारखान्याचा छाप आणि कौलाची खाच यांचा फोटो आधी पाठवा, कारण खाच जुळली नाही तर कौल एकात एक बसत नाही. आढ्यावर बसणारे कोनेही हवे आहेत. आणि दरजा भरायला यायचं असेल तर रविवारी सकाळी, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून या.