गुरुजींच्या पेट्या

यादीतल्या कुणाला आंब्याच्या किती पेट्या जाणार हे आमच्याकडं मी ठरवतो. बाग रेणापूर तालुक्यात, लातूरपासून जवळच, सगळी केशर. मालकांना आम्ही आप्पा म्हणतो. बुकिंग, पॅकिंग आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीत पेट्या चढेपर्यंतची सगळी जबाबदारी माझी. लोकांना वाटतं हे मे महिन्यातलं काम आहे, पण ते सुरू होतं डिसेंबर-जानेवारीत, मोहोर फुटला की. मग कैरी सुपारीएवढी झाली की झाडं फिरून अंदाज काढायचा, जुन्या गिऱ्हाइकांना यंदा किती लागतील ते विचारायचं आणि बेरीज मारायची, ती दरवर्षी झाडावरच्या मालाच्या दुप्पट तरी भरतेच. तिथून पुढं विक्री अशी काही नसतेच, नुसती वाटणी असते. "पैसे देतोय ना, मग दोनच पेट्या का?" असं लोक चिडून विचारतात, आणि खरं सांगायचं तर पैसेवाल्यांना हे सगळ्यात उशिरा कळतं की झाडाला जास्तीचे पैसे देऊन जास्तीचं फळ येत नाही.

भावाचं आधीच सांगतो. २०१६ ला पाच किलोची पेटी ४०० रुपयांना होती, यंदा १,१५० ला आहे. मला यात काहीही वावगं वाटत नाही. आधी बाग उक्ती जायची, व्यापारी मोहोरावर किंवा कैरीवर सौदा करायचा आणि भाव तेजीत असला की कच्चं-पक्कं सगळं एकदम उतरवून न्यायचा. आमच्या भागात बऱ्याच बागा रोजगार हमीच्या फळबाग योजनेतनं उभ्या राहिल्यात, १९९० पासूनची ती योजना, लोकांनी खड्डे घेऊन झाडं जगवली पण फळाला नाव मिळालं नाही, बाजारात गेलं की कुठलाही केशर गुजरातच्या नावानं खपायचा. मराठवाडा केशरला आपल्या भागाच्या नावाचं मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं ते कुठं २०१६ मध्ये.

आणि तोड बघा. झाडाखाली उभं राहून काठी मारून पाडायचं काम आमच्याकडं नाही. झेल्यानं, म्हणजे टोकाला जाळी बांधलेल्या काठीनं, एकेक फळ उतरवायचं, देठ बोटाच्या पेरापेक्षा थोडा कमी ठेवून, कारण देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि फळ पिकल्यावर तिथं काळा डाग येतो. देठाजवळचे खांदे भरलेत का बघायचं, शंका असली की बादलीत टाकून बघायचं, तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. तोड सकाळी, मग सावलीत देठाकडून उलटं ठेवून चीक निथळू द्यायचा, मग वजनावर निवड. पिकवायला कार्बाइड तर कायद्यानंच बंद आहे, इथिलीन वायूची खोली चालते, पण आप्पांना अढीच लागते, काडात घातलेली. अढी रोज बघावी लागते, एक फळ नासलं तर शेजारची चार नेतं. माझ्या हाताखालच्या बायका नुसता हात फिरवून सांगतात कुठलं आज जाईल आणि कुठलं परवा. त्यांची मजुरी वाढली म्हणून भाव वाढला असं मी गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगतो, आणि ती अजून वाढायला पाहिजे हे आप्पांनाही सांगतो.

प्रत्येक पेटीच्या बुडाला आम्ही मार्करनं झाडांच्या ओळीचा नंबर आणि तोडीची तारीख टाकतो. परवाचं सगळं त्याच्यामुळंच उघड झालं.

यंदा एप्रिलात अवकाळीनं झोडपलं. वारं आणि वर गारा. सकाळी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती एवढी कैरी खाली, लोणचंवाल्याला मातीमोल भावानं दिली. झाडावर राहिलेल्यातही गारेचा मार बसलेलं फळ असतं, ते वरून एकदम बरं दिसतं आणि पिकताना मार लागला तिथं काळं पडतं, त्यामुळं निवड अजून कडक करावी लागली आणि सगळ्यांचा कोटा कापला. ज्याच्या पंधरा त्याच्या सहा. शिव्या मीच खाल्ल्या.

मग मेच्या शेवटी पुण्यातनं एका अनोळखी माणसाचा फोन आला. तुमचं स्टिकर आहे पेटीवर, निम्मी फळं मऊ पडलेत, १,९०० रुपये मोजलेत मी. मी म्हणलं आमचा भाव १,१५० आहे आणि तुमचं नाव आमच्या यादीत नाही. तो म्हणाला मला काय माहीत, सोसायटीतल्या एका काकांनी मिळवून दिली. बुडाचा फोटो मागवला, ओळ आणि तारीख जुळवली. त्या तोडीची पेटी पुण्याला एकाच घरी गेली होती. गुरुजींच्या.

गुरुजी म्हणजे आमच्याच भागातल्या जिल्हा परिषद शाळेतनं रिटायर झालेले, आता मुलाकडं पुण्यात असतात. यादीत त्यांचं नाव पहिलं आहे आणि त्याला कारण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, एप्रिलात पहिली गाडी आली ती पाच लाख लिटर घेऊन. माणसांना प्यायला पाणी रेल्वेनं येत होतं तिथं झाडांना कोण विचारतंय. आप्पा टँकर विकत घेऊन झाडाच्या बुडात ओतत होते आणि पैसे संपले होते. तेव्हा गुरुजींनी दहा हजार दिले. व्याज नाही, कागद नाही, "पुढं कधी आंबे देऊन फेडा" म्हणाले. आज जी झाडं आहेत त्यातली काही त्या पाण्यावर जगलीत, हे मी अंदाजानं बोलत नाही, कुठल्या ओळीला टँकर लावला ते मला माहीत आहे.

आप्पांचा मुलगा इंजिनियर आहे, नोकरी सोडून बागेत आलाय, कष्टाळू पोरगा आहे पण त्याला सगळं नियमात बसवायचं असतंय. त्यानं ऐकल्या ऐकल्या सांगितलं, नाव काढा. त्याचा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. उदगीरचं आमचं एक गिऱ्हाईक अमेरिकेत कॅलिफोर्नियाला असतं, त्यानं मागं सांगितलं होतं की तिकडं नापा व्हॅलीत स्क्रीमिंग ईगल म्हणून वायनरी आहे, १९९२ ची त्यांची पहिली वाइन, समीक्षकानं ९९ गुण दिले आणि तेव्हापासून ती मिळणंच मुश्किल. यादीत नंबर लागायलाच वर्षं जातात, आणि लागला तरी सहसा तीनच बाटल्या वाट्याला येतात. बाहेर तीच बाटली कितीतरी जास्त भावानं जाते, म्हणून अशा याद्यांवरचे काहीजण वाट्यातली एखादी विकून उरलेलीचा खर्च काढतात. आप्पांच्या मुलानं तेव्हाच म्हणलं होतं, आपल्याकडंही हे होणार बघा.

पण बाटली वर्षानुवर्षं थंड जागेत पडून राहते, चांगली वाइन तर मुरते. आंब्याला चार दिवस असतात. आमच्या गिऱ्हाइकाला पेटी पोचली की मी मेसेज टाकतो, लगेच उघडा, फळं कागदावर सुटी पसरा, बंद पेटीत ठेवू नका, उष्णता धरते. हा मेसेज यादीतल्या माणसाला जातो. त्यानं पेटी पुढं विकली की मेसेज मागंच राहतो आणि पेटी तशीच बंद, मेच्या उकाड्यात, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. नासली ती तिथं. माझ्या बायकांनी निवडलेलं फळ असं मऊ होऊन फोटोत आलं याचा मला त्या १,९०० पेक्षा जास्त राग आला.

आप्पा म्हणाले, "तूच बोल. माझ्यानं होणार न्हाई."

मी फोन लावला. वाटलं होतं गुरुजी टाळतील, पण ते सरळ बोलले. "विकली की. दोन विकल्या. मी काय चोरून करायलोय का? बहिणीला पेटी जाते, शाळेतल्या दोघा जुन्या सोबत्यांना जाते, त्यातला एक अंथरुणाला खिळलाय, तो वर्षभर वाट बघतो. तुमचा भाव पेन्शनीत बसंना. दोन विकल्या की बाकीच्या चार परवडतात."

मी म्हणलं, गुरुजी, तुम्ही आप्पांना बोलायचं होतं की, तुमच्यासाठी भाव कमी केला असता.

"ते नको. भाव तुम्ही वाढवला ते बरोबर केलं. शेतकऱ्यानं वाढवायलाच पाहिजे. मला सवलत मागायची नाही आणि मोफत तर नकोच. मी पैसे दिल्यावर पेटी माझी झाली का तुमचीच राहिली, तेवढं सांग."

मला उत्तर देता आलं नाही. पेटी नासली, फोटो आला, एवढंच बोललो. त्यावर ते एकदम गप्प झाले आणि त्या माणसाचा नंबर मागून घेतला. संध्याकाळी त्यांनी बहिणीसाठी ठेवलेली पेटी स्वतः नेऊन त्याला दिली, कशी पसरायची ते सांगून आले. बहिणीला यंदा काही गेलं नाही. मी आमच्यातली एक पाठवतो म्हणालो तर नाही म्हणाले, कोटा कापलाय तो सगळ्यांना सारखा.

आता अडलंय ते पुढच्या वर्षावर. आप्पांच्या मुलानं पावतीवर छापायचा मजकूर तयार केलाय, पेटी परत विकल्यास नाव कायमचं रद्द. तो छापला तर पहिलं रद्द होणारं नाव गुरुजींचं. छापला नाही तर ज्यानं उन्हाळ्यात पाण्याला एक रुपया दिला नाही असा कुणीही दहा पेट्या उचलून सोसायटीत दुकान मांडेल, आणि नासलेल्या फोटोंवर नाव आमचंच राहील. माझं मत मी दोघांनाही सांगितलंय, पेटी कुठं जाते ते यादीवरच्यानं आम्हाला कळवावं, मी थेट त्या पत्त्यावर पाठवेन, आमच्याच भावानं, मेसेजसकट. पण मग वरचे साडेसातशे मिळणार नाहीत आणि गुरुजींना चार पेट्या परवडणार नाहीत, आणि सवलत ते घेत नाहीत.

तो पुण्यातला माणूस मात्र दुसरी पेटी खाल्ल्यापासून रोज मेसेज करायलाय, यादीत घ्या म्हणून. त्याला मी अजून हो म्हणलेलं नाही.