डोंगरउतारावरचे घर: पाहताना आणि दाखवताना

आठ वर्षांपूर्वी डोंगरात घर घ्यायचे असे आम्ही दोघांनी ठरवले आणि पाच महिन्यांत अकरा घरे पाहिली. त्यांतली बहुतेक ‘ओपन हाउस’मध्ये पाहिली, म्हणजे मालकाने किंवा मध्यस्थाने ठरावीक दिवशी काही तास घर सर्वांना पाहण्यासाठी खुले ठेवले असताना. त्यांतले शेवटचे आम्ही घेतले. गेल्या वर्षी तेच घर विकण्याची वेळ आली, तेव्हा मी स्वतः दोनदा घर खुले ठेवले. सपाटीवरच्या घराची पारख बरीचशी चार भिंतींच्या आत होते. डोंगरातल्या घराची निम्मी पारख मात्र उंबऱ्याबाहेर, उतारावर आणि रस्त्यावर करावी लागते, आणि नेमका तोच भाग अशा भेटीत कोणी दाखवत नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या घरी आम्ही पाऊण तास होतो आणि त्यातला अर्ध्याहून अधिक वेळ सज्जात उभे राहून समोरच्या रांगा पाहण्यात गेला. ऊन स्वच्छ होते, दरी शेवटपर्यंत दिसत होती, मध्यस्थही अगत्याने बोलत होता. परतताना गाडीत यजमानांनी विचारले, “या घराला पाणी कुठून येते?” आणि मला उत्तर देता आले नाही. घरापर्यंतचा शेवटचा रस्ता कोणाच्या मालकीचा आहे, सांडपाणी कुठे जाते, हिवाळ्यात घरावर ऊन किती वाजता येते, यांपैकी एकही गोष्ट आम्ही विचारली नव्हती.

त्यानंतर आम्ही दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचू लागलो आणि गाडी खाली लावून शेवटचा चढ पायी चढू लागलो. पायी चढताना रस्त्याच्या कडेचा चर गाळाने बुजला आहे की मोकळा आहे, वळणावर दोन गाड्या एकमेकींना वाट देऊ शकतील का, अग्निशमनाचा बंब वर येऊन वळू शकेल का, हे डोळ्यांनी दिसते. झाडांकडे पाहायलाही आम्ही तेव्हाच शिकलो. बुंध्याशी उताराच्या दिशेने वाकलेले आणि मग सरळ वर गेलेले खोड एखादेच असेल तर ते बर्फाच्या भारानेही तसे झालेले असू शकते, पण अख्ख्या पट्ट्यातली झाडे तशी असतील तर खालची माती हळूहळू सरकते आहे का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. संरक्षक भिंतीत पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात. त्या छिद्रांतून पाणी वाहिल्याच्या खुणा असणे हे चांगले लक्षण आहे. छिद्रे बुजलेली आणि भिंतीला मधोमध पोट आलेले असेल, तर मागे अडलेले पाणी भिंतीला ढकलत आहे असे समजावे.

सहाव्या घराने आम्हाला सर्वांत जास्त शिकवले. घर नुकतेच रंगवलेले होते आणि आतून अतिशय नेटके होते. स्वयंपाकघराचे मागचे दार उघडताना ते वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासले, म्हणून मी मान वर करून पाहिले. दाराची वरची कड कुलपाच्या बाजूला रंध्याने तासलेली होती, आणि तासही सारखी नव्हती; कोपऱ्याकडे जास्त आणि मधल्या बाजूला कमी होत गेलेली, पाचरीसारखी. तेवढ्या भागाला रंग नव्हता, लाकूड अजून पांढुरके होते. चौकटीच्या त्याच कोपऱ्यातून भिंतीवर तिरपी जाणारी एक भेग लांबी भरून बुजवलेली होती; समोरून ती दिसत नव्हती, पण भिंतीला गाल लावून खिडकीच्या उजेडाच्या दिशेने पाहिले की तिचा उंचवटा स्पष्ट दिसत होता. मध्यस्थ म्हणाला, “दमट हवेत लाकूड फुगतेच.” लाकूड फुगते हे खरेच आहे, परंतु आम्ही कोरड्या हवेच्या दिवसांत गेलो होतो आणि तासल्यानंतरही दार घासत होते, शिवाय फुगलेल्या दारासाठी अशी पाचरीच्या आकाराची तास लागत नाही. चौकटच काटकोनातून सरकली होती. बाहेर जाऊन पाहिले तेव्हा छपराच्या पन्हळीचा नळ थेट त्याच कोपऱ्याच्या पायाशी संपत होता, म्हणजे वरचे सगळे पाणी पायाखालच्या मातीत मुरत होते. ते घर आम्ही सोडले.

पाण्याच्या बाबतीत आम्ही एक साधा नेम केला होता. दहा लिटरची बादली आणि घड्याळ बरोबर ठेवायचे, झरा असेल तर झऱ्याच्या तोंडाशी आणि बोअर असेल तर टाकीत पडणाऱ्या पाण्याशी बादली धरायची. मालकाची परवानगी घेऊनच हे करावे. मला ती एकदाही नाकारली गेली नाही. एका घरी झरा भरपूर होता, पण शेजारच्या घराचा शोषखड्डा त्याच्या वरच्या अंगाला, फार तर वीस पावलांवर होता. अशा ठिकाणी पाणी कितीही नितळ दिसले तरी प्रयोगशाळेतून जिवाणूंची तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उन्हाचा हिशेब आम्ही नकाशावरून केला. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर हिवाळ्यात ऊन टिकते. उत्तर उतारावर, किंवा दक्षिणेला उंच कडा असलेल्या अरुंद दरीत, ते काही आठवडे घरावर येतच नाही आणि रस्त्यावरचे दव गोठले की गोठलेलेच राहते. उंचीनुसार दर 1,000 मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, त्यामुळे 1,800 मीटरवरचे घर समुद्रसपाटीपेक्षा अकरा-बारा अंशांनी थंड असते, आणि तिथे पाणी सुमारे 94 अंशांनाच उकळते. बर्फ पडत असेल तर छपराचा उतार आणि वाशांची जाडी पाहावी लागते. साचून दबलेला एक मीटर जाडीचा बर्फ दर चौरस मीटरला 200 ते 300 किलो भार टाकू शकतो.

अकरावे घर आम्ही घेतले. रस्त्याचा वहिवाटीचा हक्क खरेदीखतात लिहिलेला होता, झऱ्याची कुंडी शोषखड्ड्याच्या वरच्या अंगाला होती, आणि दोष विचारण्याआधीच मालकीणबाईंनी ते दाखवले होते. त्यातला सर्वांत मोठा दोष म्हणजे खालची संरक्षक भिंत. ती आम्ही दुसऱ्या वर्षी एका स्थापत्य अभियंत्याकडून आराखडा घेऊन, मागे खडीचा थर आणि पाण्याला वाट ठेवून, नव्याने बांधून घेतली. राहायला आल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी झऱ्याखाली तीच बादली धरून किती सेकंदांत भरते ते मी एका वहीत लिहू लागले.

विकायची वेळ आली तेव्हा मला वाटले होते की इतकी घरे पाहिल्यावर आपले घर दाखवणे सोपे जाईल. पहिल्या वेळी सगळेच फसले. मी दुपारी दोन ते पाच अशी वेळ दिली. डोंगरात उन्हाने तापलेली हवा उतारावरून वर चढते आणि बऱ्याच दिवशी दुपारनंतर ढग जमतात, हे सात वर्षे रोज पाहिलेले असूनही वेळ ठरवताना मी विसरले. तीन वाजता धुके उतरले. फोनवरच्या नकाशाने दोन कुटुंबांना जुन्या लाकूडवाटेवर नेले, आणि तिथे रेंज नसल्याने त्यांना मला फोनही करता आला नाही. अंगणात दोन गाड्यांची जागा आहे, आल्या पाच. शेवटच्या गाडीला अंधुक उजेडात अर्धा चढ मागे मागे उतरावे लागले. त्या गाडीत एक आजोबा होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटले. त्यात घाईने पेटवलेल्या शेगडीचा धूर खोलीत भरला, कारण चिमणीतली थंड हवा जड असते आणि ती खाली रेटते.

दुसऱ्या वेळी मी तीन आठवडे तयारी केली. वेळ सकाळी दहा ते एक ठेवली आणि प्रत्येक कुटुंबाला चाळीस मिनिटे नेमून दिली. खालच्या रुंद वळणावर गाड्या लावायच्या, तिथे यजमान उभे राहतील आणि ज्यांना चढ झेपणार नाही त्यांना आमच्या गाडीतून वर आणतील, असे ठरवले. तिन्ही फाट्यांवर बाणाच्या पाट्या लावल्या आणि रस्त्याचे वर्णन लिहून आदल्या दिवशीच सर्वांना पाठवले, तेही ‘रेंज संपण्याआधी वाचून ठेवा’ या सूचनेसह. दगडी भिंती तापायला वेळ लागतो म्हणून शेगडी आदल्या संध्याकाळपासून पेटती ठेवली. आधी चिमणीच्या तोंडाशी कागदाचा बोळा जाळून आतली हवा तापवून घेतली, त्यामुळे धूर झाला नाही. घराभोवतीच्या दीड मीटरच्या पट्ट्यातला पाचोळा आणि लाकडाचा ढीग हलवला. वणव्याच्या दृष्टीने हे दर वर्षी करायचेच असते.

खरा मतभेद मध्यस्थाशी झाला. त्याचे म्हणणे, भिंतीचे जुने फोटो आणि झऱ्याची वही टेबलावर ठेवू नका, लोक विनाकारण घाबरतात. तो अनुभवी माणूस होता आणि त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही, तरीही मी ऐकले नाही. उन्हाळ्याच्या शेवटी ती बादली भरायला अडीच मिनिटे लागतात, हे वहीत लिहिलेले होते. म्हणजे मिनिटाला चार लिटर, दिवसाला 5,760 लिटर. साठवणीची टाकी असेल तर एका कुटुंबाला पुरून उरेल इतके. पण हा हिशेब न मांडता नुसते ‘बारमाही झरा’ असे म्हटले असते, तर घेणाऱ्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती बारीक धार पाहून त्याला फसवल्यासारखे वाटले असते. मी वही, भिंतीचा आराखडा, पाण्याचा तपासणी अहवाल, सेप्टिक टँक उपसल्याच्या तारखा आणि हिवाळ्यात रस्ता बंद राहिलेल्या दिवसांची यादी, सगळे मांडून ठेवले. हिवाळ्यातले फोटोही लावले, ज्यांत ऊन साडेदहाला अंगणात येताना दिसते.

सहा कुटुंबे आली. दोघांनी रस्ता बंद राहण्याचे दिवस वाचून तिथेच नको म्हटले, आणि मला ते योग्यच वाटले. त्यांची मुले लहान होती आणि रोजचे जाणे-येणे होते. एका जोडप्याने मात्र घरात जेमतेम दहा मिनिटे घालवली आणि उरलेला सगळा वेळ बाहेर. बाई भिंतीच्या प्रत्येक छिद्रात काडी घालून पाहत होत्या. पुढच्या आठवड्यात ते पाऊस चालू असताना पुन्हा आले, पन्हळीचे पाणी कुठे जाते ते छत्री धरून शेवटपर्यंत चालत पाहिले, स्वतःच्या अभियंत्याकडून भिंत आणि पाया तपासून घेतला, आणि दीड महिन्याने व्यवहार झाला.

किल्ल्या दिल्या तो महिन्याचा पहिला रविवार होता. बाईंनी वही मागितली, आम्ही दोघी झऱ्यावर गेलो, त्यांनी बादली धरली आणि मी सेकंद मोजले. एक मिनिट दहा सेकंद. तो आकडा त्यांनी त्यांच्या अक्षरात माझ्या शेवटच्या नोंदीखाली लिहिला.