आधी आतला दिवा लावा

"दादा, आधी आतला दिवा लावा, मग मी चढते."

आज पहाटे पुण्यातील एका बसस्थानकावर माझ्या पुढे उभ्या असलेल्या ताई वाहकाला असे म्हणाल्या. वाहकाने लगेच दिवा लावला. तरीही ताईंनी पायरीवरूनच शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरवली, मोबाईलवर गाडीच्या क्रमांकाचा फोटो काढून घरी पाठवला आणि मगच त्या आत गेल्या. हे सारे त्यांनी इतक्या सरावाने केले, की मला ते पाहवेना.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. आरोपी शिरूर तालुक्यातील गुनाट गावात सापडेपर्यंत वाहिन्यांवर दुसरा विषय नव्हता. तोडफोड झाली, पक्षांनी एकमेकांवर आरोप केले आणि तिने आरडाओरडा का केला नाही, यावरही जाहीर चर्चा झाली. या शेवटच्या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

उभ्या गाड्यांना कुलूप आहे का, रात्री फेरी कोण मारतो, कॅमेऱ्याचे चित्रण कोणी पाहते का, हे प्रश्न घेऊन आज एखादा वार्ताहर पहाटे पाच वाजता स्थानकावर उभा राहिला, तर मी ती बातमी शेवटपर्यंत पाहीन. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला हेच विचारायला आपण तरी कधी गेलो आहोत का?